आकड्यावर पाय

बाई, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, तरी आज तुमच्याशीच बोलावंसं वाटतंय. नातीच्या नर्सरीतून चिठ्ठी आली, तिची मागची बाजू कोरी होती, तिच्यावरच लिहिते. पुढच्या बाजूला मॅडमनी लिहिलंय की मुलगी खेळात भाग घेत नाही, एका जागी उभी राहून रडते, डॉक्टरांना दाखवून घ्या. चार वर्षांची पोर, बाई. घरी तिच्या तोंडाला खळ नसतो.

मी स्वतः अर्जुनीला तिच्या शाळेत जाऊन पाहून आले. फरशीवर रंगानं एक ते दहा आकडे काढलेले. मुलं "तीन! चार!" ओरडत उड्या मारतात, मॅडमही ओढणी कमरेला बांधून त्यांच्यासोबत उड्या मारतात. सगळे हसताहेत आणि आमची तेवढी भिंतीला चिकटून. जवळ गेले तर हळूच म्हणते, "आजी, आकड्यावर पाय देला तं पाप लागते ना?" हे मीच शिकवलेलं. अक्षर म्हणजे सरस्वती, पाटीला पाय लागला की पाया पडायचं, रोज पूजेच्या वेळी तेच. तिला मी "चल, गाडी आली," एवढंच म्हटलं.

तेव्हापासून तुमची बालवाडी डोळ्यांपुढून हलत नाही. देवळामागचं सारवलेलं अंगण, तुम्ही राखेनं काढलेली अक्षरं, आणि मी 'ग'वरून 'म'वर उडी मारते आहे. धानाची रोवणी करून परतणारी माझी आई वाटेतच थांबते. "काय बाई, सरस्वतीले लेकरायच्या पायाखाली देऊन राहिल्या?" तुम्ही हसता. "लेकरू मायच्या मांडीवर नाचते, तवा त्याले पाप लागते का वो?" आई म्हणते, "तुमचं शिक्षण ठेवा तुमच्यापाशी," आणि माझं बखोट धरून नेते. घरी तिनं मला पाटीपुढे नाक घासायला लावलं. पंधरा दिवस मी आले नाही. आले तेव्हा बाकीचे उड्या मारत आणि मी पायरीवर बसून गिरवत असे. लोक म्हणत, पोरगी किती शांत आहे. शांत कुठली, बाई, भीत होते. पुढे मॅट्रिकपर्यंत शिकले, पण फळ्यापाशी बोलावलं की हातपाय थंड पडत.

परवा सोमवारी सून तिला गोंदियाला डॉक्टरकडे नेणार आहे. काल विचारत होती, "आई, तिच्या पायात तर काही नसेल ना? की डोक्यात?" मी मान खाली घालून तांदूळ निवडत राहिले.

आज शाळेला सुट्टी. घरात दोघीच होतो, तेव्हा मी अंगणात खडूनं पाच आकडे काढले. म्हटलं, "मार उडी. काई नाई होत. देवाले विचारलं मी." तिनं माझ्याकडे पाहिलं. "पयले तू मार." मी चप्पल काढली, देवाचं नाव घेतलं, पाय उचलला आणि 'एक' या आकड्याच्या बाजूला ठेवला. पोरीनं ते नीट पाहिलं. मग तीही तशीच गेली, पाचपर्यंत, एकाही आकड्याला पाय न लावता.

सुनेला मी खरं सांगितलेलं नाही, बाई. मॅडम रागावत असतील म्हणून रडते, असं सांगितलंय.