डब्यात उमटलेलं बोट

चिरंजीवास,

आशीर्वाद नंतर, आधी राग.

मी बोटं घातली म्हणून सूनबाईने बाळाच्या क्रीमचा अख्खा डबा कचऱ्यात टाकला. "बाबा, चमच्याने काढायचं, नर्सने बजावलंय ना!" आणि तू मोबाईल बघत बसलास. चाळीस वर्षं मी लोकांच्या भिंती रंगवल्या, कुठे बोट उमटू दिलं नाही. आता माझेच हात घाण?

नर्स म्हणाली, बाळाच्या बापाला, म्हणजे तुला, लहानपणी इसब होता, म्हणून बाळाला रोज क्रीम लावून बघा, पण त्याने इसब टळेलच याची खात्री नाही. खात्री नाही म्हणे! मग माझ्या जिवाला घोर लागणार नाही तर काय?

तान्हा असताना तू रक्त येईपर्यंत खाजवायचास. मी तुझ्या हातांवर मोजे बांधायचो आणि रडलास की ओरडायचो. तुझी आई म्हणायची, "अहो, खाजतंय त्याला." मला दुसरं काही सुचलंच नाही रे.

काल नातीचे गाल कोरडे दिसले आणि घाबरून चमचा विसरलो.

हे पत्र तुला देणार नाही. चमचा मात्र उकळून, पुसून तुमच्या खोलीच्या दाराशी ठेवतोय. हाक मारलीत तर येईन.

तुझा तापट बाप