फेरी तुमच्यापासून

शेजारचा मुलगा उभा आहे, सर, आणि त्याचं वाक्य अर्ध्यात अडलंय. तुमच्या इंग्रजीच्या क्लासमधली रोजची फेरी चालू आहे. एकेकाने उठायचं, शेजारी बसलेल्याकडे नीट पाहायचं आणि त्याच्याविषयी एक इंग्रजी वाक्य बोलायचं. उल्हासनगर कॅम्प एकमधली ती माडीवरची खोली. खाली जीन्स शिवणाऱ्या मशिनी, त्यांची थरथर फरशीतून तळपायात येते. खिडकीतून दिसणारा नाला जीन्सच्या रंगाने आज निळा आहे. मुली डावीकडे, मुलगे उजवीकडे. शेवटचं बाक मधोमध आहे, तिथे मी, कारण मला कुठल्याच बाजूचं व्हायचं नाही.

मुलगा माझ्या केसांकडे पाहतो, मग शर्टाकडे. इंग्रजीतलं ‘ही’ म्हणतो, थांबतो, ‘शी’ म्हणतो. पुढून कुणीतरी ओरडतं, “सर, इट चालेल काय? इट!” सगळा वर्ग हसतो. दप्तर उचलायला माझा हात खाली गेलाय. आज हा जिना उतरायचा तो पुन्हा न चढण्यासाठी, एवढं मनात ठरलंय.

तुम्ही खडू खाली ठेवलात. “‘दे’ म्हण. दे हॅव अ ब्लू बॅग.”

“सर, एकच माणूस आहे. ‘दे’ कसं?”

“काल तुला न्यायला कोण आलं होतं?”

“आजोबा आले होते.”

“किती आजोबा?”

“एकच, सर.”

“मग आले कसं? आला म्हण.”

“मार खाईन ना, सर!”

वर्ग पुन्हा हसला, पण या वेळी मलाही हसू आलं. दप्तर खालीच राहिलं. “आजपासून फेरीत सगळ्यांना ‘दे’च म्हणायचं,” तुम्ही म्हणालात. “सुरुवात माझ्यापासून.”

क्लासचे मालक वर आले. “सर, ये क्या पढ़ा रहे हो? एग्झाम में बच्चों के नंबर कटेंगे.” तुम्ही फळा पुसत म्हणालात, “कटने दो. बोलना, मैंने सिखाया.” पुढच्या बॅचला त्यांनी तुम्हाला बोलावलं नाही.

ती खोली अजून स्वप्नात येते. मशिनी बंद असतात, तरी फरशी थरथरत असते. नाल्याचा रंग बदललेला असतो. डावी-उजवी बाजू नसते, सगळे पाठमोरे बसलेले असतात, तुम्हीसुद्धा, आणि कुणी कुणाला ओळखायची घाई करत नाही.

आता बदलापुरात, खरवईला माझा क्लास आहे. नोकरीवाले येतात, घरकाम आटपून बायका येतात. मला ‘टीचर’ म्हणतात, त्या शब्दाच्या आडोशाला माझं बरं चाललंय. शिकवण्याची तुमची सगळी रीत मी उचलली, एक फेरी सोडून. ती शिक्षकापासून सुरू करावी लागते. माझ्याकडे नीट पाहून कुणी काही बोलावं, याची भीती अजून गेलेली नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून हे लिहिता आलं.

एवढं लिहून झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर ‘दे’ लिहिलं आणि फेरी घेतली, माझ्यापासून. चामटोलीहून येणाऱ्या काकू उठल्या. माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “दे… डिड नॉट ईट ब्रेकफास्ट.”

खरंच खाल्लं नव्हतं.