पडद्यावरचं मीठ

आई, काल नातीने टीव्हीवर नाताळचा एक विनोदी सिनेमा लावला. मोठं, गोंधळ घालणारं कुटुंब, करपलेलं जेवण, रुसवेफुगवे आणि शेवटी सगळे एका टेबलाशी. "आजी, दर वर्षी हेच असतं," ती म्हणाली आणि तरी उठली नाही. मीही उठले नाही. तुझ्याबरोबर पाहिलेला तसलाच एक सिनेमा मला आठवत होता.

तेव्हा आपल्या गावाजवळ, घिवलीच्या बाजूला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. नाताळला त्या कामावरच्या गोऱ्या साहेबांनी त्यांच्या वसाहतीत पडदा लावला आणि आपण गावच्या बायका पडद्याच्या मागच्या बाजूला वाळूत बसलो. गुजरातेतल्या मिठागरावर कामाला गेलेले बाबा पावसाळा उलटला तरी परतले नव्हते. तू हसणं सोडलं होतंस. पडद्यावर एक बाई जेवण मांडून दाराकडे बघते आहे, तेवढ्यात कुत्रा भाजलेली कोंबडी तोंडात धरून पळतो, आणि तू पोट धरून हसतेस. मग बाहेरचं अंगण दिसतं, पांढरंशुभ्र. "बाय, केवढं मीठ पडलंय बघ! आन उचलाय कोन नाय." बर्फ आपण कुणी पाहिलाच नव्हता. शेजारची काकी तुला डिवचते, "तुला गं कवापासून साहेबाची भाषा समजाय लागली?" तू म्हणतेस, "भाषा कशाला? त्या बाईचं तोंड दिसतंय ना मला." एवढ्यात दार वाजतं. एक माणूस खांद्यावरचं पांढरं झटकत आत येतो. तू माझा हात आवळतेस. "आला बघ मिठागरावरनं. आपला पन येल."

बाबा आले नाहीत. तू मात्र जाईपर्यंत त्यांच्या वाट्याची भाकरी रोज झाकून ठेवलीस. मी शाळेत गेले नाही, पण पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकले आणि बर्फ म्हणजे काय तेही वाचलं. तरी असल्या सिनेमात माणूस दारातून आत आला की मला तुझीच गोष्ट खरी वाटते. लोक पुन्हा पुन्हा तेच का बघतात? तो येणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून बघतात.

हे पत्र कुठे टाकणार? राहील इथेच, उशीखाली. एवढंच सांगायचं होतं. आमच्या यांना, नातीच्या आजोबांना, शेवटचं पाणी मी माझ्या हाताने पाजलं, त्यामुळे मला कुणाची वाट बघता येत नाही. मला तुझा हेवा वाटतो, आई.