उत्तरेच्या भिंतीतली डबी

३ जून, मंगळवार
निघालो एकदाचे! आई गेल्यापासून माझा धाकटा भाऊ युसेबियो आणि मी एका गाडीत दहा मिनिटंही बसलो नव्हतो. आज अल्बुकर्कीपासून पाच तास, आणि भांडण फक्त एक, तेही शेवटच्या बुरितोवरून. खेळ त्याचाच: कोणीतरी डबी लपवतं, जागेचे अक्षांश-रेखांश फोनवर टाकतं, बाकीच्यांनी शोधायची. तीन सापडल्या. चौथीनं या ओसाड वस्तीत आणलं, आणि समोर हे चर्च! कच्च्या विटांचं, चिखलानं लिंपलेलं, बसलेल्या गाईसारखं निवांत. डबी उत्तरेच्या भिंतीत होती. माझ्या गुणी भावानं ती चाकूनं उकरली आणि पाटीभर भिंतही खाली आणली.

४ जून
चर्चची राखण करणारी दोन्या रामोनसिता (दोन्या म्हणजे बाईसाहेब) सकाळीच आली. वय ऐंशीच्या पुढं. ज्यानं पाडलं त्यानंच लिंपायचं, म्हणाली. युसेबियो तिला म्हणाला, आजीबाई, तुमचं चर्च शिंकेनंही पडेल. मी त्याला तिथंच झापलं. दिवसभर माती, वाळू, गवत तुडवलं. दोन्यानं घेवडा आणि गरम तोर्तिया खाऊ घातल्या. पूर्वी दर जूनला सगळं गाव भिंती लिंपायला यायचं म्हणे. आता ती एकटी.

५ जून
भोक कालच्यापेक्षा मोठं. मी युसेबियोवर ओरडले, तूच परत उकरलंस. त्यानं आईची शपथ घेतली. मग माझा तोल गेला. तिची शपथ घेऊन तू उद्या येतो म्हणाला होतास, आणि ती तीन आठवडे दवाखान्याच्या दाराकडे बघत राहिली, असं सगळं तोंडावर फेकलं. तो भिंत लिंपत राहिला.

६ जून
डबीतली वही, शोधणाऱ्यांनी नाव लिहायची, आज वाचली. सात नावं. वर्षाला एक. सगळी जूनमधली. डबी कोणी ठेवली, विचारलं. दोन्या सरळ म्हणाली, मीच, पोरी, भाचीकडून फोनवर टाकवली. गावात हात उरले नाहीत ना. लिंपायला हात, दुसरं काय. निघू या म्हटलं तर युसेबियो म्हणाला, एकदा तरी काम पुरं करू दे, ताई.

७ जून, दुपार
युसेबियो नाही. थापी आहे, बूट आहेत. भोक बुजलंय. ओल्या चिखलात त्याचा पंजा उमटलाय, पण आत गेलेला नाही. बाहेर आलेला. आतून दाबलेला.
गाडीच्या किल्ल्या त्याच्या खिशात. फोनला रेंज नाही.
दोन्या दारात तोर्तिया लाटतेय. मी तिचं पोळपाट फेकून दिलं. काय केलंस त्याचं? म्हणाली, भिंत उभी राहायला हवी ना, पोरी. त्यानं तर फार मनापासून लिंपलं.
मनापासून! थेरडी –

७ जून, नंतर
चाकूनं खणतेय. भिंत गरम आहे. आत कोणीतरी –
त्याचा आवाज. जा म्हणतोय. ताई, जा. आयुष्यभर माझं ऐकलं नाहीस, आता मी तुझं ऐकू होय रे, गाढवा?

बोटं सापडली. त्याचीच. त्यांनी पकडलंय मला.
डावा हात कोपरापर्यंत आत. उजव्यानं लिहितेय. कोणी आलं तर वाचा – आत आठ जण आहेत – ही भिंत पाडा. देवाचं घर म्हणून हात जोडू नका, पाडा –
कोपराभोवती गार चिखल. आतून कोणीतरी लिंपतंय. घाई नाही त्यांना.
तो हात सोडवतोय. मी नाही सोडणार. लिंपा किती लिंपायचं ते, मी याला इथं एकट्याला –