ऐंशी जीबी, दहा मिनिटं

१ मार्च २०२५
तांड्यावरून नर्मदाबाई दुकानात आल्या. सोबत मुलगा हिरासिंग, टेम्पो चालवतो. बाईंचे यजमान संतरामभाऊ दिवाळीनंतर गेले. २००६ च्या होळीला त्यांनी स्वतः रचलेली लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांचं होळीचं गाणं, डफावर गायली होती. शूटिंग माझं. आता तिचं शेवटचं कडवं तांड्यात कुणालाच येत नाही. औंदा होळीला सगळ्यांनी ती पुरी म्हणावी, एवढंच बाईंचं मागणं. भरून आलं. त्या शूटिंगची डिस्क माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये निघाली. आत पालीची अंडी. हात तीनदा धुतले.

२ मार्च, सकाळी ११
डिस्क ८० जीबी, खच्चून भरलेली. लेबलवर १३३, म्हणजे सेकंदाला १३३ मेगाबाइट. ऐंशी हजार भागिले १३३, सहाशे एक सेकंद. दहा मिनिटं. हिरासिंगला फोन करून सांगितलं. तो म्हणे, मंग आत्ताच करून टाका ना. या लोकांना प्लॅनिंग माहीतच नाही. दहा मिनिटं काय, कधीही मिळतात.

४ मार्च
संकल्प: जुने सगळे स्पीड आजच्या युनिटमध्ये बदलून तक्ता करायचा, दुकानात लावायचा. डोंगरकडा गावात सोडा, जिल्ह्यात कुणाकडे नसेल. गिऱ्हाइकाने आल्याबरोबर वर बघावं आणि गप्प बसावं.

५ मार्च
वीट आला. साटा, ही डिस्कची पुढची जोडणी, म्हणजे सेकंदाला दीड गिगाबिट. आठाने भागलं की १८७.५ मेगाबाइट. कंपनीवाले म्हणतात १५०. मधले साडेसदतीस कुणी खाल्ले? वाचून काढलं. दर आठ बिटांमागे दोन बिट नुसते सोबतीला जातात. आठ जण कामाला आणि दोघं जीपमध्ये बसायला. किळसवाणा प्रकार.
मधेच शितल म्हणाली, इन्व्हर्टरमध्ये पाणी घाला. बायकोला तरी वेळकाळ कळायला पाहिजे.

८ मार्च
तक्ता झाला. नऊ ओळी. दहावी होती: जुनं यूएसबी, १२ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम दीड मेगाबाइट. इतका भिकार आकडा १३३ च्या खाली बघवेना. गाळला. तक्त्याला शोभत नाही.
नर्मदाबाई आल्या. झालं का भाऊ, म्हणाल्या. म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे. तर बाकावर बसूनच राहिल्या, दहा मिनिटं व्हायची वाट बघत. शितलने चहा दिला. मी लॅमिनेशनला कळमनुरीला निघून गेलो.

११ मार्च
लॅमिनेशनमध्ये माशी दबली. बरोबर १३३ वर. पंख पसरून. शिसारी आली. पुन्हा करायला टाकलं. बाकी कामं साहजिकच मागे पडली.

१३ मार्च, सकाळी १०
तांड्याची होळी उद्या पहाटे पेटते. म्हणजे भरपूर वेळ. तक्ता लावला, दोनदा लांबून पाहिला. मग डिस्क जोडली. त्यासाठीचा अडॅप्टर एकच, खोक्यातला जुना. पूर्ण डिस्क कॉपीला टाकली. स्क्रीनवर आलं: २२ तास बाकी.

१०.१५
अडॅप्टर उलटा करून पाहिला. मागे बारीक अक्षरात १२ मेगाबिट. गाळलेली ओळ. असो. कॉम्प्युटर सुरुवातीला उगाच घाबरवतात.

दुपारी १
१९ तास बाकी. शितल म्हणाली, बाईंचं गाणं तेवढं काढा ना आधी. हिरासिंगचा फोन, तोही तेच. लोकायचे लगन काहून उतरून राहिले, म्हणे, आमच्या बाचं गाणं द्या. मी ठणकावलं, प्रोफेशनल माणूस अर्धवट काम करत नाही. शिवाय सुरुवातीलाच माझ्या उत्कृष्ट कामांचा फोल्डर आहे. तो मध्येच कसा थांबवणार?

४.१०
२७ टक्के. लाइट गेली. इन्व्हर्टर तीन मिनिटं किंचाळला आणि मेला. आत पाण्याचा थेंब नाही. या घरात कुणी कशाकडे लक्ष देत नाही.

संध्याकाळी ७
लाइट नाही. नर्मदाबाई सहापासून बाकावर बसल्या होत्या. आत्ता गेल्या. मी मागच्या खोलीतून बाहेर आलो नाही. लाज वाटली. मच्छरही फार होते.

१४ मार्च, सकाळी ९
आठला लाइट आली. होळी पहाटेच पेटून गेली. लेंगी तीन कडव्यांवर थांबली, आईला घेऊन आलेल्या हिरासिंगने सांगितलं. डफ थोडा वेळ तसाच वाजत राहिला म्हणे.
गाणं तेवढंच त्याच्या मोबाइलवर घेतलं. ४० मेगाबाइट. चाळीस सेकंद लागले.
नर्मदाबाईंनी मोबाइल कानाला धरून उभ्याने चारही मिनिटं ऐकलं. शेवटच्या कडव्याला ओठ हलले. मग मोबाइल पदराला पुसून हिरासिंगकडे दिला. तक्त्याकडे बघत मला म्हणाल्या, भाऊ, तुमचे दहा मिनिटं म्हंजे आमचे किती दिस, ते बी तिथं लिवून ठिवा.

९.४०
हिशेब केला. एक ते चौदा, तेरा दिवस. माझं एक मिनिट म्हणजे त्यांचा एक दिवस, सात तास, बारा मिनिटं. दोनदा ताळा केला, बरोबर आहे.
ओळ तक्त्यात घेतली नाही. शोभत नाही.