ज्याची त्याची वीत

रविवार, ३ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही बरं आहे म्हणता आणि ठेवून देता, म्हणून हे पत्र. निदान वाचून संपेपर्यंत तरी माझ्या तावडीत राहाल.

काल गुंडीला घेऊन तळ्यावर गेलो. निघायचं होतं सकाळी. दुपटी, बाटली, टोपी, दुसरी टोपी करता करता दुपार झाली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तशी गत, पोरीपेक्षा तिची पिशवी जड. पण काठावर पोचलो आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदाच खराखुरा वारा आला. बाबा, तिने श्वासच रोखला. मग माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, मान वळवून मागे पाहिलं. हे कोण करतंय ते ती शोधत होती! मला एवढ्या वर्षांत हा प्रश्न कधी पडला नव्हता. खरं सांगते, मीपण मागे वळून पाहिलं.

घरी खिडकीखाली बाक करायला घेतला आहे. तुमचे जावई बेकरीतून आले की अंगावरचं पीठ झटकून करवत उचलतात. मोजमाप माझं, कापणं त्यांचं. बाकावरची भिंत मात्र तुमच्यासाठी कोरी ठेवली आहे. उभ्या शहरातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्यात, नातीच्या भिंतीवर एक बदक काढायला काय हरकत आहे? ती जन्मली तेव्हा काचेतून पाहून गेलात. हिवाळ्यात आम्ही आलो तर सर्दी झाली म्हणून लांब खुर्ची ओढून बसलात. एवढी चिवट सर्दी मी पाहिली नाही. या आता.

लोभ आहेच, तो इथे येऊन द्यावा, ही विनंती.

तुमची
बयो


गुरुवार, ७ मे

चि. बयोस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. वारा कोण करतं ते मलाही ठाऊक नाही. गुंडीला सापडलं तर कळव.

येण्याचं म्हणशील तर सध्या जमेलसं दिसत नाही. गुडघा धरला आहे. शिवाय शेजारी गावाला गेलेत आणि त्यांची मांजर माझ्या गळ्यात पडली आहे. भिंतीसाठी हल्ली चिकटवायची चित्रं मिळतात, त्यात बदकंही असतात, ती आण. पुसायलाही सोपी.

बाकाचं माप नीट घे. ज्याला स्वतःच्या हाताची खात्री नाही त्याने टेप वापरावी, असं मी तुला सांगायचो. तू खुशाल टेप वापर. गुंडीला पापा दे. लोभ कुठे जात नाही, तसाच राहू दे.

तुझे
बाबा


रविवार, १७ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चिकटवायचं बदक! हे वाचून मी पत्र उलटंपालटं करून पाहिलं, तुमचंच आहे ना म्हणून. आणि शिरोरेषा अशी काय नाचली आहे? बसमध्ये बसून लिहिलंत की काय? बसमध्येच होतात तर इथेच उतरायचं होतं.

बाकाची गोष्ट ऐका. तुमचीच लेक मी, टेपला हात लावला नाही. खिडकीखालची जागा वितीने मोजली, सात विती लांब, तीन विती रुंद, आणि ह्यांना सांगून टाकलं. ह्यांनी फळ्या कापल्या त्या स्वतःच्या वितीने! भट्टीपुढे कणीक मळून मळून ह्यांचे पंजे कसे झालेत ते तुम्ही पाहिलेत. बाक करायला गेलो आणि पलंग झाला. खिडकी ओलांडून तो पार दारापाशी पोचलाय. दार आता अर्धंच उघडतं आणि आल्यागेल्याला अंग चोरून आत यावं लागतं. मी चिडले, तर ह्यांचं म्हणणं, लग्न झाल्यावर तुझी वीत नि माझी वीत कसली. पुढच्या रविवारी फळ्या कापून कमी करायच्या आहेत.

काल नदीवरच्या रेल्वेपुलापाशी गेलो होतो. वरून मालगाडी गेली. गुंडीचं तोंड उघडलं ते उघडंच. शेवटचा डबा गेला, आवाज विरला, तरी ती रिकाम्या पुलाकडे पाहत होती आणि आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे. जगात पहिली मालगाडी आत्ताच गेली असं वाटलं मला.

या ना बाबा. लोभाची उधारी नको, रोख हवा.

तुमची
बयो

ता. क. बाबा, नमस्कार. वीत बरोबर होती, सांगणारीने मालक सांगितला नाही. आपला, जावई.


गुरुवार, २१ मे

चि. बयोस,
अ. उ. आ.

बसमध्ये नव्हतो. टेबलाशीच होतो, उजवा हात डाव्याने दाबून धरून लिहीत होतो. आताही तसंच लिहितो आहे.

माझे हात थरथरतात, बयो. हिवाळ्यापासून. आधी ब्रश ऐकेना, मग चहाचा कप, मग शर्टाची बटणं. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, कंप आहे, जिवाला धोका नाही. गोळ्यांनी थोडा कमी होईल, जायचा नाही. तुम्ही आलात तेव्हा सर्दी नव्हती. त्याच सकाळी माझ्या हातून दुधाचं पातेलं सुटलं होतं, आणि तू दारातूनच पोर माझ्यापुढे केलीस. मी काय करणार होतो?

पातेलं सुटलं तर दूध दुसरं आणता येतं. मला भीती वाटते. तुझी आई असती तर तिने गुंडीला घेतलं असतं आणि मी शेजारी बसून पाहिलं असतं, कुणाला काही कळलंही नसतं. मी लांबून पाहीन तिला. तेवढ्यावर राजी हो. लोभ लांबूनही पुरतो.

तुझे
बाबा


सोमवार, २५ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

लोभ लांबून पुरत नाही.

मी रडले, ते आधी सांगून टाकते. मग रागावले. इतके महिने मी समजत होते की बाबांना नात आवडली नाही. ह्यांच्याजवळ बोलूनही दाखवलं. आणि तुम्ही तिकडे एकटे बटणांशी झटत होतात! सर्दी म्हणे.

आता कामाचं. तो पलंगाएवढा बाक तसाच ठेवला आहे. तुम्ही भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसायचं. मांडीवरून गुंडी घरंगळली तरी फळीवरच राहील. ह्यांनी कालच करवत माळ्यावर टाकली आणि मला सांगितलं, की बाबांच्या मापाचाच झालाय, उगीच ओरडलीस.

गुंडी आता धरून उभी राहायला लागली आहे. ती तुमच्या हातांसाठी लहान राहून थांबणार नाही, बाबा. घ्यायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. पण इथे येऊन ठरवा.

लोभासोबत तिकीट पाठवते आहे. दोन्हींचा स्वीकार व्हावा.

तुमची
बयो


सोमवार, ८ जून

चि. बयोस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. मांजर रुसली आहे, माझ्याकडे पाठ करून बसते. तिथे निघताना सांगायचं राहिलं ते लिहितो.

शनिवारभर मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो, आणि तू दिवसभर जपून, जपून म्हणत होतीस. जावईबापूंना शिडीवर जपून, गुंडीला कडेला जपून, मला चहा जपून. तुझी चूक नाही, पण प्रत्येक जपून मलाच येऊन लागत होता. परतीची बस कितीला असते ते मी हळूच जावईबापूंना विचारून ठेवलं होतं.

रविवारी दुपारी ते खिडकीला बाहेरून रंग देत होते आणि तू शिडी धरायला गेलीस. मी बाकावर, गुंडी माझ्या नि भिंतीच्या मधे. खिडकीबाहेर तुझा आवाज आला, तशी तू गेलीस त्या दाराच्या रोखाने ती माझे पाय ओलांडून थेट कडेला निघाली. तुला हाक मारायचं सुचलंच नाही. हात मांडीखालून कधी निघाले कळलं नाही. तिच्या काखेत घातले आणि तिला उचललं.

मग ध्यानात आलं, आपण काय केलं ते. हात थरथरायला लागले, नेहमीपेक्षा जास्त. तिचे गालसुद्धा हलायला लागले. वाटलं, आता भोकाड पसरणार. तिने तोंड उघडलं, आ केला, आणि तो आ थरथरत बाहेर आला. पंख्यासमोर पोरं गातात ना, तसा.

बयो, तिने स्वतःचा आवाज ऐकला. एकदम गप्प झाली. डोळे हे एवढे झाले. माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि पुन्हा आ केला. पुन्हा तसाच आला. मग थांबेचना! हसायची, दम घ्यायची आणि गायची. जन्मभर या हातांनी अक्षरं काढली, आवाज कधी काढला नव्हता. मी थक्क होऊन तिच्याकडे पाहत होतो आणि ती माझ्याकडे.

तू दारात आलीस ते मी पाहिलं. हातांना रंग, केस विस्कटलेले. मी वाट पाहिली, आता म्हणशील. तू जपून म्हणाली नाहीस. तिथेच उंबऱ्यात बसलीस आणि ऐकत राहिलीस.

बदक काढून देतो. रेघ सरळ येणार नाही, पण बदक पाण्यात असलं की चालेल. लोभाचं म्हणशील तर तो आता माझ्याजवळ नाही, तिथेच राहिलाय.

शनिवारी पुन्हा येतो. या खेपेला तिकीट माझं. गुंडीला सांग, हात घेऊन येतोय.

तुझे
बाबा