सात पाचचे बिनबॅगेचे प्रवासी

सोमवार, ३ मार्च

यादी आली. जगातले सगळ्यात गर्दीचे हवाई मार्ग. आपला सहावा. मागच्या वर्षी चौथा होता.

साहेबांनी — खात्यात मागून सगळे त्यांना ‘पहिला नंबर’ म्हणतात — सहाच्या आकड्याभोवती लाल गोल काढून कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि गेले. ते बोलले तर दिवसाचं काम वाढतं. न बोलता गेले तर महिन्याचं.

यादीच्या टोकाला याही वर्षी तेच: एक बेट आणि तासाभरावरचं मोठं शहर. बावीस वर्षं विमानतळावर बसून विमानांच्या वेळा लावतेय, पण घरी हे पटत नाही. ह्यांना अजून वाटतं की सगळ्यात जास्त माणसं समुद्र ओलांडून लांब जात असणार. नाही. तासाभराची उडी मारतात, काम उरकतात, संध्याकाळी घरी. आमचा मोठा मार्ग त्यातलाच — इथून बंदराच्या शहरापर्यंत, पंचावन्न मिनिटं. चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत पट्टा बांधायला सांगतात.

बुधवार, ५ मार्च

तासभर बैठक. यादी खुर्च्या मोजते, माणसं नाही. विमान रिकामं उडालं तरी त्यातल्या एकशे ऐंशी खुर्च्या यादीत धरतात. म्हणून वर चढायचा उपाय सोपा: आणखी विमानं सोडा. बंदराच्या कालच्या दुपारच्या विमानात एकाहत्तरच माणसं होती, हे मी बोलले नाही. साहेबांना ते माहीत आहे.

अडचण सकाळची. सात ते नऊ धावपट्टीवर शिंकायलाही जागा नाही. नवं विमान घुसवायचं तर कोणाची तरी वेळ काढून घ्यावी लागणार.

साहेबांचं बोट वेळापत्रकात सरळ सात पाचवर.

सात पाचला डोंगरावरच्या गावाचं छोटं विमान उतरतं. अठ्ठेचाळीस खुर्च्या, सरासरी बावीस माणसं. सात चाळीसला तेच परत जातं. संध्याकाळी एक फेरी, ती रिकामी असो की भरलेली, कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. डोळ्यांवर येते ती सकाळची.

‘मॅडम, बावीस माणसांसाठी सोन्यासारखी वेळ अडकवायची? दुपारी तीनला उतरवा त्यांना.’

‘तीनला उतरून त्यांची कामं कधी व्हायची? दवाखाने, कचेऱ्या —’

‘मग बसनं या म्हणावं.’

बसला अकरा तास लागतात. सगळा घाट.

नियम असा: चार आठवडे मोजणी. सकाळच्या फेरीची जाता-येता सरासरी एकोणतीसच्या खाली गेली तर वेळ जाते. तेवढी भरली तर वर्षभर तिला कोणी हात लावू शकत नाही. मोजणी सोमवारपासून. अहवाल मी लिहायचा, सही माझी.

माझी ताई त्या गावात राहते हे खात्यात कोणाला माहीत नाही. कोणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही — ही पळवाट आहे, कळतं मला.

गुरुवार, ६ मार्च

दिवसभर भावोजी डोक्यात. दर तीन आठवड्यांनी गुरुवारी ती दोघं सात पाचला उतरतात. दवाखान्यात दिवसभर सुई लावून बसायचं, संध्याकाळच्या विमानानं घरी. सात महिने झाले. दुपारी मी डबा घेऊन जाते. मागच्या खेपेला जेवलेच नाहीत. म्हणाले, ‘या खुर्चीपेक्षा विमानातली खुर्ची बरी. निदान खिडकीतून डोंगर दिसतो.’ मी हसले. ताई हसली नाही.

तीनला उतरलं तर औषध चढवायला वेळच उरत नाही. आणि अकरा तासांची बस त्यांना सोसणार नाही. यात विचार करण्यासारखं काही नाही, तरी विचार चालूच.

शनिवार, ८ मार्च

सांगायचं नव्हतं, सांगून बसले. ताईचा फोन आला. ‘आवाज का असा?’ एवढंच तिनं विचारलं आणि मी भडाभडा ओकले. बावीस, एकोणतीस, चार आठवडे.

मग तिचा मुख्याध्यापिकेचा आवाज: ‘एकोणतीस चालतील, की एकोणतीसच्या वर हवेत?’

‘एकोणतीस चालतील.’

‘बरं. आणि ऐक, मोजणी संपेपर्यंत तू दवाखान्यात येऊ नकोस. कोणी आपल्याला एकत्र पाहिलं तर तुझ्या सहीवर बोट ठेवतील.’

किती पुढचं बघते ही बाई. मला सुचलंही नव्हतं.

सोमवार, १० मार्च

मोजणी सुरू. येताना एकवीस, जाताना चोवीस.

गुरुवार, १३ मार्च

भावोजींची पाळी. सकाळी डबा भरायला घेतला, मग आठवलं. तसाच ऑफिसात आणून मीच खाल्ला. संध्याकाळी फोन केला. ताई म्हणाली, ‘दमलेत. झोपलेत.’ मी जास्त विचारलं नाही.

आजचा आकडा तेवीस. हातचं जाणार असं दिसतंय.

सोमवार, १७ मार्च

एकतीस!

बुधवार, १९ मार्च

काल अडतीस, आज चव्वेचाळीस. मला आनंद व्हायला हवा. झाला — अकरा वाजेपर्यंत. मग चार नंबरच्या गेटवरची मुलगी सही घ्यायला आली आणि दारातच घुटमळली.

‘मॅडम, एक सांगू? ते डोंगरावरचे लोक... एकाकडेही बॅग नाही. येतात आणि त्याच विमानानं परत जातात. पस्तीस मिनिटांत. मी विचारलं एकाला, काही विसरलात का? तर म्हणतो, नाही बाई, काम झालं.’

कालची आणि परवाची यादी मागवली. येतानाची नावं तीच जातानाची. एक माणूस, दोन आकडे.

हे गावाला कोणी सांगितलं, ते मला ठाऊक आहे.

शुक्रवार, २१ मार्च

सव्वासहाला घर सोडलं. ह्यांना म्हटलं, पाहणी आहे. खोटं नाही.

सात पाचला विमान टेकलं. मी काचेआडून मोजत होते. बेचाळीस उतरले. बारा जण बाहेरच्या दाराकडे गेले — पिशव्या, फायली, तान्ह्या बाळाला घेऊन एक बाई. बाकीचे तीस जण जिना चढून पुन्हा तपासणीच्या रांगेत आणि तिथून चार नंबरच्या गेटसमोरच्या खुर्च्यांत. हातात काही नाही. एका बाईच्या विणायच्या सुया तपासणीत काढून घेतलेल्या. ती नुसता लोकरीचा गोळा मांडीवर घेऊन बसली होती. एक आजोबा लग्नातला कोट घालून आलेले. कोटाला बटणं होती, पण लागत नव्हती.

एक उंच म्हातारा उभ्यानं डोकी मोजत होता. ‘पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे.’ सगळे हसत होते. जन्मभर बसवर होता, गावात अजून कंडक्टरकाकाच म्हणतात.

मला पाहिलं आणि जवळ आला. ‘तुम्ही आमच्या बाईंच्या धाकट्या. नाकावरून ओळखलं.’

‘काका, हळू बोला.’

‘हळूच बोलतोय. घाटात गाडीच्या आवाजावर बोलायची सवय, आमचं हळू असंच.’ मग खरोखर हळू: ‘तीस वर्षं घाटात बस नेली. कधी चार माणसं, कधी दोन. रिकामी जाते म्हणून कोणी बंद केली नाही. तुमच्यात भरून दाखवावं लागतं म्हणे. दाखवतो.’

‘रोज तुम्हीच येता?’

‘छे! पाळ्या आहेत. मी आज तिसऱ्यांदा, ते मोजायला कोणीतरी पक्कं हवं म्हणून.’ खिशातून वहीचं पान काढलं. घराघरांच्या पाळ्या, तारखा, पुढे बरोबरच्या खुणा. अक्षर ताईचं. लहानपणी आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर असाच कागद असायचा. भांडी कोणाची, केर कोणाचा. केर बहुतेक माझा.

कोटवाल्या आजोबांनी मला बाही धरून विचारलं, ‘बाई, जाताना खिडकी मिळेल ना? येताना नुसते ढगच होते.’

गेटवरच्या मुलीला सांगून त्यांना खिडकी दिली.

सोमवार, २४ मार्च

त्यांनी नियम मोडलेला नाही. तिकीट काढलं, बसले, उतरले. माणसं मोजायची ना, ही घ्या माणसं.

पण अहवालात सातवा रकाना आहे: ‘गर्दीमागे काही असाधारण कारण असल्यास नमूद करावे.’ चार वर्षांपूर्वी एका छोट्या विमान कंपनीनं मोजणीच्या दिवसांत आपल्याच नोकरांना विमानात बसवलं होतं. मीच पकडलं ते. सातव्या रकान्यात सव्वा पान लिहिलं. त्यांची वेळ गेली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. ‘मॅडमच्या हातून आकडा खोटा सुटत नाही.’ मी चार दिवस ताठ मानेनं चालत होते.

ती कंपनी कुठल्या गावाला जायची, आज आठवत नाही. खूप आठवून पाहिलं.

बुधवार, २६ मार्च

साहेब म्हणाले, ‘डोंगराला अचानक काय झालं?’

मी म्हटलं, ‘सुट्ट्या असतील.’

बावीस वर्षांतलं पहिलं. जीभ अडखळली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटतंय.

रविवार, ३० मार्च

ताईला फोन केला, भांडायच्या तयारीनं. ‘तुझ्यामुळे माझी नोकरी जाईल.’

‘जाणार नाही. तू रकान्यात काही लिहिलं नाहीस तर कशी जाईल?’

‘आणि लिहिलं तर?’

‘तर तुझ्या भावोजींना कसं आणायचं ते तू सांग. मी तसं करीन.’

फोन ठेवल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘तुझी ताई तुला बरोबर ओळखते.’ लहानपणी मी औषध घ्यायची नाही. आई रागवायची, बाबा आमिष दाखवायचे. ताई फक्त म्हणायची, तू घेतलंस की आईचं डोकं दुखायचं थांबेल. मी गटकन घ्यायची. आईचं डोकं दुखत होतं की नाही, मी कधी आईला विचारलं नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

पुन्हा भावोजींची पाळी. फोन. ‘दमलेत. झोपलेत.’ पुन्हा तेच दोन शब्द. आवाज तिचाच दमलेला.

विमान आज पूर्ण भरलेलं. अठ्ठेचाळीस.

सोमवार, ७ एप्रिल

मोजणी काल संपली. सरासरी अडतीस.

अहवाल सकाळी अकराला द्यायचा होता. साडेदहापर्यंत सातवा रकाना कोरा. एकदा लिहायला घेतलं: ‘प्रवाशांपैकी बरेच जण’ — आणि डोळ्यांसमोर तो न लागणारा कोट. खोडलं. नवा फॉर्म घेतला. मग भावोजी आठवले, सुई लावलेला हात, न उघडलेला डबा.

‘नाही,’ असं लिहिलं. खाली सही.

मंगळवार, ८ एप्रिल

साहेबांनी अहवाल वाचला. ‘तुमची सही आहे म्हणजे प्रश्नच मिटला.’ हे त्यांनी टोचून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मनापासून म्हणाले.

मग लगेच वेळापत्रकावरचं बोट खाली सरकलं. सात वीस. ते नदीपलीकडच्या गावाचं, सरासरी सव्वीस. ‘याची मोजणी लावा. पुढच्या सोमवारपासून.’

मी तारीख लिहून घेतली. तिथे माझं कोणी नाही.

बुधवार, ९ एप्रिल

फायलीला जोडायला अठ्ठावीस दिवसांच्या प्रवाशांच्या याद्या आल्या. तेरा मार्चची आधी काढली, उगीच, भावोजींचं नाव बघायला. नाही. तीन एप्रिल. नाही. मग सगळ्या काढल्या.

ताईला फोन लावला. तिनं फिरवाफिरव केली नाही. ‘फेब्रुवारीतच म्हणाले, आता पुरे. डॉक्टरांनाही सांगून आले. पण विमान तर राहायला हवं होतं. कंडक्टरकाकांच्या सुनेचं बाळंतपण अवघड आहे, माझ्या शाळेत दोन पोरं हृदयाची आहेत. तू गावासाठी सही केली नसतीस गं. भावोजींसाठी करशील, हे मला ठाऊक होतं.’

‘झोपलेत का?’

‘नाही. खिडकीत बसलेत.’

उद्याच्या सात चाळीसला एकवीस जण आहेत. मी बाविसावी.